पाटल्या गहाण, वही बंद: घरखर्चातून कर्ज फेडण्याची आमची रीत

२०२३ ची दिवाळी. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आतच किराणावाल्याचा निरोप आला, "वहिनी, वही भरत आलीय बघा." नऊ हजार थकले होते. त्या रात्री लेकरं झोपल्यावर आम्ही दोघं कागद घेऊन बसलो आणि कुणाचं किती देणं आहे ते पहिल्यांदा एका जागी लिहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण हे काम कधी केलं नव्हतं. देणं आहे हे माहीत असायचं, आकडा माहीत नसायचा.

आमचं परभणीतलं पाच माणसांचं घर. ह्यांचा पगार २४ हजार, माझे ब्लाऊज, फॉल, पिको मिळून महिन्याचे सरासरी पाच. कर्जामागं जुगार नाही, दारू नाही. सासऱ्यांचं दवाखान्यातलं बिल, नणंदेचं लग्न, आणि त्याच वर्षी अधिक श्रावण आला म्हणून नव्या जावयाला धोंडे जेवण: कपडे, चांदीचा दिवा, तेहतीस अनारसे. ते सगळं कार्डावर झालं. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांची देणी अशीच साठतात, एकेक कारण रास्तच असतं.

आधी देण्यांचा कागद

आमचा कागद असा होता:

- ओळखीच्या माणसाकडून ५०,०००, शेकडा तीन महिना. दीड वर्ष नुसतं व्याज जात होतं.
- क्रेडिट कार्ड ३२,०००, महिन्याला साडेतीन टक्के.
- मोबाईलचे पाच हप्ते, २,२०० चे. म्हणजे ११,०००.
- पतसंस्थेचं कर्ज १४ टक्क्यांचं, हप्ता ४,१००, चोवीस हप्ते बाकी. शिल्लक मुद्दल ८५,४००.
- किराणा उधारी ९,०००.
- मोठ्या जाऊबाईंचे हातउसने २०,०००, बिनव्याजी.

बेरीज दोन लाख सात हजार चारशे.

तुमच्या कागदावर प्रत्येक देण्यापुढं वर्षाचं व्याज लिहा. ही पायरी गाळू नका. "शेकडा तीन" ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते वर्षाला ३६ टक्के होतं. पतसंस्थेचं १४ टक्के ऐकून आपण चरकतो आणि तीन टक्केवाल्याला मात्र "अडीनडीला धावून येणारा माणूस" म्हणतो.

कार्डाचं गणित तर मला कळायला तीन बिलं लागली. ३२ हजारांवर महिन्याचं व्याज १,१२०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी दोनशे. आम्ही "कमीत कमी रक्कम" म्हणून १,६०० भरत होतो. त्यातून मुद्दल उतरत होतं पावणेतीनशेच्या आसपास. आणि आमची समजूत अशी की आपण कार्ड फेडतोय.

मग किराणावाल्याची वही मागून आणली

खर्च लिहा असं सगळेच सांगतात. लिहायला लागलं की माणूस लाजेनं दोन-तीन आठवडे नीट वागतो आणि खरं चित्र काही दिसत नाही. म्हणून मागचे कागद बघा. आम्ही किराणावाल्याकडून वही एका रात्रीसाठी मागून आणली. एका महिन्याच्या ६१ नोंदी होत्या. त्यातल्या ३४ वीस रुपयांच्या आतल्या: कुरकुरे, शाम्पूची पुडी, बिस्किट, पुन्हा कुरकुरे, काडीपेटी, दहाचा चहा. चहाची दहाची पुडी महिन्यात अकरा वेळा! म्हणजे चहापत्ती आम्ही सगळ्यात महागड्या रीतीनं घेत होतो. शेवटी शेवटी तर अक्षर आमच्या थोरल्याचं होतं. दुकानदार गिऱ्हाइकात गुंतला की हा स्वतःच वहीत लिहायचा.

उधारीत नुसत्या ह्या नोंदीच नसतात. वहीवर घेणाऱ्याला भाव विचारायचं तोंड राहत नाही. जो देईल तो तांदूळ आणि जो लावील तो दर. रोखीनं मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्यबाजाराजवळच्या, दुकानात तोच माल घेतला तेव्हा पहिल्याच महिन्यात फरक दिसला. किराणावाला वाईट नाही. सहा महिने पैसे अडकवून तो तरी कुठून भाव कमी करणार?

म्हणून व्याज नसलं तरी आम्ही पहिलं बंद केलं ते उधारीचं खातं. दोन महिन्यांत साडेचार-साडेचार हजार देऊन वही मिटवली आणि ह्यांनी शेवटच्या पानावर आडवी रेघ मारून घेतली. दुकानदाराला सांगून ठेवलं, लेकरं आली तर रोख असल्याशिवाय द्यायचं नाही. थोरला चार दिवस रुसला.

स्वयंपाकघर: काय कापायचं, काय नाही

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "काय बी तोडा, लेकरांच्या तोंडचं दूध तोडायचं न्हाई." बरोबर बोलल्या. दूध, अंडी, डाळ, भाजी ह्यांना हात लावू नका. तिथं वाचवलेलं दवाखान्यात जातं.

कात्री लागते ती तेलाला. आमच्याकडं महिन्याला चार किलो लागायचं. आता माणशी अर्धा किलो धरून अडीच किलो एका बरणीत काढते आणि तीस तारखेपर्यंत तीच बरणी. पहिल्या महिन्यात २३ तारखेलाच तळ दिसला, शेवटचा आठवडा धपाट्यांऐवजी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी झाली. दुसऱ्या महिन्यापासून हात आपोआप आखडला. तेलाची पिशवी घेताना किंमत नंतर वाचा, वजन आधी. एक लिटर सोयाबीन तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. शेजारीच तशीच दिसणारी, आठ-दहा रुपयांनी स्वस्त पिशवी ८५० किंवा ८०० ग्रॅमची असते.

वर्षाचं धान्य भरण्याबद्दल माझं मत बऱ्याच जणींना पटणार नाही. मार्च-एप्रिलात ज्वारी-गहू भरायची आपल्याकडची रीत चांगलीच आहे, पण ती हातात रोख असणाऱ्यासाठी. डोक्यावर ३६ टक्क्यांचं कर्ज असताना बारा हजारांचं धान्य कोठीत ओतलं तर भावात हजारभर वाचतील. तेच पैसे कर्जात घातले असते तर त्याच्या दुपटीच्या आसपास व्याज वाचलं असतं. कर्ज फिटेपर्यंत दोन-तीन महिन्यांचंच भरा. अपवाद एकच: माहेराहून किंवा स्वतःच्या शेतातून तूर येत असेल तर ती नक्की भरडून आणा. क्विंटलभर तुरीची सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, एरंडेलाचा हात लावून ठेवली की कीड लागत नाही.

रेशनची लाज सोडा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदयला घरामागं ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. नाव कमी झालं असेल, लेकराचं चढवलं नसेल, तर तहसीलला एक चक्कर मारा. हा अर्धा दिवस वर्षभर पैसे देतो.

किराण्यातून आमचे सहा हजार आठशेचे पाच हजार तीनशे झाले. पंधराशेची ही सगळ्यात मोठी बचत.

बाकीचे खर्च, झटपट

गाडी: ह्यांचं पेट्रोल एकोणीसशेवरून बाराशेवर आलं, कारण भाजी, दळण, क्लास ह्या तीन चकरांची एक केली. बाहेरगावी एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या पुढच्या ज्येष्ठांना मोफत. तरी लोक चौघांसाठी गाडी ठरवून तुळजापूरला जातात.

मोबाईल: २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. घरात तीन फोनवर डेटा होता, दोनच ठेवले. सासूबाईंसारख्या नुसतं बोलणाऱ्यांसाठी जानेवारी २०२५ पासून डेटा नसलेले प्लॅनही निघालेत. अडीचशे वाचले.

लाईट बिल: महावितरणचे टप्पे १०० आणि ३०० युनिटला बदलतात आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग. त्यामुळे १३० वरून १०० वर आलात तर वाचणारी तीस युनिटं महागातलीच असतात. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला चौदा तास चालला तर महिन्याला एकोणीस युनिटांचा फरक. पण कर्ज असताना तीन पंखे बदलायला जाऊ नका, जो जळेल तो बदला. "बचतीसाठी खरेदी" हा प्रकार मला कधी झेपलेला नाही. बिल लवकर भरलं तर एक टक्का सूट मिळते, त्याची तारीख बिलावरच छापलेली असते. इथं तीनशे.

पाणी: रोज एक जार यायचा तीस रुपयांचा. त्यातलं पाणी वरणाला, चहाला, हात धुवायलासुद्धा. आता पिण्यापुरताच, एक दिवसाआड. साडेचारशे.

रविवारचं बाहेरचं खाणं महिन्यातून एकदाच ठेवलं. सहाशे. पूर्ण बंद करू नका. आमच्या शेजारच्यांनी केलं आणि दोन महिन्यांत सगळं उधळून टाकलं.

दवाखाना: गोळ्या कायमच्या चालू असतील तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मोठ्या आजारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय कोणतं, हे आजार येण्याआधीच पाहून ठेवा. सासऱ्यांच्या वेळी आम्ही रात्री दोन वाजता जे पहिलं दिसलं तिथं गेलो. हे कर्ज तिथूनच सुरू झालं.

आहेर, सण आणि लोक काय म्हणतील

लग्नसराईत आमच्याकडं आठवड्याला दोन पत्रिका. प्रत्येक ठिकाणी पाचशेचं पाकीट, नाहीतर साडी, वर जायचं-यायचं भाडं. एप्रिल-मेच्या दोन महिन्यांत सात हजार गेलेले हिशेबात दिसले.

आम्ही पत्रिकांचे तीन ढीग केले. सख्खे: दोघांनी जायचं, पूर्वीइतकाच आहेर. भावकी आणि शेजार: एकानंच जायचं, शंभर-दोनशेचं पाकीट. बाकी: फोन करून अभिनंदन. आलेल्या साड्या कपाटात नाव लिहून ठेवल्या आणि फिरवल्या, सगळेच फिरवतात. फक्त जिच्याकडून आली तिलाच परत जाऊ नये एवढं सांभाळा. एकदा गेली माझ्याकडून. तिनं ओळखली आणि हसली, तिच्याकडं ती तिसऱ्यांदा आली होती.

महालक्ष्म्यांचं जरा अवघड होतं. दरवर्षी शंभर पान. सासूबाईंना वाटलं देवीचं कमी केलं म्हणजे घराला बट्टा. मी म्हटलं, सोळा भाज्या तशाच, पुरणावरणाचा नैवेद्य तसाच, फक्त पंगत पंचवीसची. मुखवटे तेच, साड्या गेल्या वर्षीच्याच. दोन नातेवाइकांनी टोमणे मारले. त्यांतल्या एकाच्या घरी पुढच्या वर्षी पंगत वीसचीच झाली.

आहेर आणि सण बाराने भागले तर सातशे रुपये महिना वाचला. सगळं मिळून साडेचार हजार.

वाचलेले पैसे घरात ठेवू नका

पहिल्या महिन्यात मी वाचलेले दोन हजार ज्वारीच्या डब्यात ठेवले होते. वीस तारखेला पाहुणे आले आणि ते गेले. कुठं गेले ते धड सांगताही येईना. तेव्हापासून नियम केला: जे वाचलं ते त्याच आठवड्यात कर्जाच्या खात्यात. शनिवारी रात्री जेवणानंतर आठवड्याचा हिशेब आणि लगेच फोनवरून भरणा. कधी ९००, कधी ३४०. तीनशे चाळीस भरायला सुरुवातीला हसू यायचं. पण घरात उरलेला पैसा आणि खर्च झालेला पैसा ह्यांच्यात दोन-चार दिवसांचंच अंतर असतं. कर्जात गेला तरच तो वाचला.

लाडकी बहीणचे पंधराशे, पीएम किसानचे दोन हजार, दिवाळीचा बोनस, ह्यांचंही तसंच. बँकेचा मेसेज वाजला की त्याच दिवशी वाट लावायची, म्हणजे कर्जाच्या वाटेला.

एक पाच हजार मात्र वेगळे काढून ठेवा आणि त्यांना "दवाखाना" म्हणा. धाकट्याला श्रावणात डेंग्यू झाला तेव्हा ते पाच आणि आणखी सहा गेले, पण नवीन कर्ज झालं नाही.

महागडं कर्ज स्वस्तात बदलणं

सगळ्यात जास्त वाद ह्याच पायरीवर झाला. माझ्या दोन तोळ्यांच्या पाटल्या डब्यात पडून होत्या आणि बाहेर आम्ही ३६ आणि ४२ टक्क्यांनी व्याज भरत होतो. आई म्हणाली, "सोनं गहाण टाकणं म्हणजे घर बुडाल्याची खूण." मी म्हटलं, घर तर व्याजानं बुडतंय. राष्ट्रीयीकृत बँकेत पाटल्यांवर ८२ हजार मिळाले, साडेनऊ टक्के वर्षाला. त्याच दिवशी तीन टक्केवाल्याचे पन्नास आणि कार्डाचे बत्तीस फेडले. महिन्याला व्याज नि कर मिळून जिथं अठ्ठावीसशे जात होते, तिथं साडेसहाशे जायला लागले.

बँकेत सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: मधेमधे थोडं थोडं मुद्दल भरता येतं का, मुदत किती, आणि मुदतीत फिटलं नाही तर नूतनीकरणाला काय लागतं. आणि कार्ड त्याच संध्याकाळी कात्रीनं कापा. ते कापायचं नसेल तर पाटल्या डब्यातच राहू द्या, नाहीतर वर्षभरानं दोन्ही देणी उभी राहतात.

आधी व्याजात आणि कार्डात जाणारे ३,१०० आता सोन्याच्या कर्जात भरत राहिलो, वर बचतीचे साडेचार. पाच महिन्यांनी मोबाईलचे हप्ते संपले, ते २,२०० ही तिकडंच वळवले. गणितानं पाटल्या सुटायला अकरा महिने लागायला हवे होते. डेंग्यू, गाडीचं इंजिन आणि एक बारसं धरून चौदा लागले, मधे एकदा नूतनीकरण करावं लागलं. जाऊबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं की तुमचे शेवटी. बिनव्याजी देणारा माणूस शेवटी ठेवायचा, पण त्याला अंधारात ठेवायचं नाही.

शेतीवर घर चालत असेल तर

माझ्या भावाचं उदाहरण घेते, सेलूकडं सात एकर. त्याला महिन्याचा हिशेब लागू नाही. पैसा येतो दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा, पुढं कापसाचा, मग तुरीचा. त्यानं दोन गोष्टी बदलल्या. आडत्याची, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाची, उचल (आगाऊ पैसे) थांबवली, कारण उचल घेतली की माल त्याच्याच आडतीवर न्यावा लागतो, भाव पडलेला असला तरी. आणि सोयाबीन पडत्या भावात विकण्याऐवजी बाजार समितीच्या गोदामात ठेवून शेतमाल तारण कर्ज घेतलं. त्यात मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजानं मिळते.

मोंढ्यातून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात पडली की बँकेत जाऊनच घरी जायचं, वाटेत कुठं थांबायचं नाही. पीककर्ज मात्र तारखेच्या आत फेडा. तीन लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर व्याज सवलतीमुळं ते जवळजवळ बिनव्याजी पडतं, तारीख चुकली की सवलत गेली. घरात इतकं स्वस्त कर्ज दुसरं नसतं.

दारात वसुलीवाला आला तर

हप्ता चुकणार असेल तर तारखेच्या आधी स्वतः फोन करा. लपलात तर बोलणी सुरू व्हायच्या आधीच बिघडतात. बँक किंवा फायनान्सच्या वसुलीच्या माणसाला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करता येत नाही. महिलांच्या गटकर्जात ही वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आहे, आणि ते कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंडही लावता येत नाही. शिवीगाळ झाली तर आधी त्या संस्थेकडं लेखी तक्रार, महिन्याभरात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

खासगी सावकाराचं वेगळं. २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवाना असलेल्या सावकारालाही विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला १२ आणि इतरांकडून १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. परवानाच नसेल तर तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं. आम्ही तक्रार केली नाही, माणूस गल्लीतला होता. पण फेडायला गेलो तेव्हा ह्यांनी हा दर शांतपणे सांगितला आणि शेवटच्या महिन्याचं व्याज त्यानं सोडून दिलं.

फिटल्यावरची कागदपत्रं

पैसे भरले म्हणून काम संपत नाही. पतसंस्थेकडून बेबाकी, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला, घ्या, शिक्का आणि जावक क्रमांकासहित. जामीनदारालाही तिची झेरॉक्स द्या, त्याचा जीव टांगलेला असतो. कर्ज घेताना दिलेले कोरे चेक मोजून परत घ्या. आमचे तीन होते, दोनच मिळाले. तिसऱ्यासाठी तो चेक थांबवा असा अर्ज आमच्या बँकेत दिला आणि पोच घेतली. सावकाराकडची हातचिठ्ठी आणि शंभराचा बाँड हातात घेऊनच पैसे मोजा, आणि त्यावर "रक्कम पूर्ण मिळाली" असं तारखेनिशी लिहून सही घ्या. दीड-दोन महिन्यांनी सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींचा, अहवाल काढून कार्डाचं खातं "बंद" दिसतंय का ते बघा. आमचं "थकीत" दिसत होतं. दोन अर्ज आणि पाच फोन लागले ते बदलायला.

हे सगळे कागद एका पिशवीत घालून मी ज्वारीच्या कोठीवर ठेवलेत. किराणावाल्याची ती आडव्या रेघेची वहीसुद्धा त्यातच आहे, मागून घेतली.